गच्चीवरचे सौर पॅनेल आणि परड्यातली बायोगॅस टाकी : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावातल्या अनगोळमधील आमच्या घराच्या गच्चीवर 3 किलोवॅटचे सौर पॅनेल आणि मागच्या परड्यात 1 घनमीटरची बायोगॅस टाकी, ही दोन्ही कामे आम्ही गेल्या फेब्रुवारीत उरकली. यातून कार्बन उत्सर्जन खरोखर किती घटते, असे शेजारी विचारतात, म्हणून वहीतल्या नोंदींवरून हा अनुभव लिहीत आहे.

पॅनेलविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे, आणि तोच त्यांचा गुण आहे. उन्हाळ्यात दिवसाला बारा-तेरा युनिट मिळाले. जुलै-ऑगस्टच्या झडीत मात्र पाचावर समाधान मानावे लागले, तेव्हा बेळगावचा पाऊस वजा केल्याशिवाय विक्रेत्याचा वार्षिक आकडा खरा धरू नये. एकूण सुमारे 3,300 युनिट तयार झाले. देशाच्या ग्रीडमधली बहुतांश वीज अजून कोळशाची असल्यामुळे एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर हे 2,300 किलो होतात. मात्र वीज घरचीच म्हणून गीझर जास्त चालू लागला आणि महिन्याचा वापर 260 युनिटांवरून 300 वर गेला. म्हणजे त्यातले 300 किलो आम्हीच परत खाल्ले. शिवाय पॅनेल कारखान्यात तयार होताना झालेले उत्सर्जन फिटायलाच एक-दोन वर्षे लागतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून 78,000 रुपयांचे अनुदान मिळाले खरे. तरी ज्यांचे बिल कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटांच्या आत माफ होते, त्यांना पैशाच्या दृष्टीने हा खर्च परवडेल असे मला वाटत नाही.

टाकीचे तसे नाही. ती यंत्रापेक्षा गोठ्यातल्या जनावरासारखी आहे: रोज वेळेवर आणि पचेल तेवढेच घालावे लागते. आमचा आणि दोन शेजाऱ्यांचा मिळून रोजचा 3 किलो ओला कचरा बारीक करून, तेवढ्याच पाण्यात कालवून घालतो. गणपतीत उरलेले गोडधोड आणि भात एकदम ओतला, तेव्हा टाकी आंबली; आठवडाभर गॅस पेट घेईना. कचरा बंद करून शेणाचा काला आणि थोडी चुन्याची निवळी घातल्यावर ती हळूहळू सावरली. डिसेंबरच्या थंडीत जिवाणू मंदावतात, म्हणून आता सकाळऐवजी दुपारी कोमट पाण्यात कालवून घालतो.

पूर्वी 32 दिवस पुरणारे सिलिंडर आता 45 दिवस जाते. अकरा महिन्यांत तीन सिलिंडर वाचले, म्हणजे जेमतेम सव्वाशे किलो कार्बन डायऑक्साइड. पॅनेलच्या शेजारी हा आकडा मांडताना मी थोडा ओशाळलो होतो. पण टाकीचा खरा लाभ स्वयंपाकघरात नसून तुरमुरीच्या कचरा प्रकल्पाकडे न गेलेल्या एक टन ओल्या कचऱ्यात आहे. ढिगाच्या तळाशी हवा न लागता कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा जवळपास 28 पट तापवतो. बायोगॅस म्हणजे मुख्यतः मिथेनच; आम्ही तो शेगडीत जाळून टाकतो.

जाळतो, पण गळू दिला नाही तरच. जूनमध्ये पाइपच्या सांध्याजवळ सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. टाकी बसवणाऱ्याने ‘सुरुवातीला असे होतेच’ म्हणून दोन महिने टोलवले. शेवटी साबणाच्या पाण्याचे बुडबुडे पाहून मीच सांधा बदलला. नंतर कागदावर मांडले तेव्हा कळले की तयार गॅसचा आठवा हिस्सा जरी निसटला, तरी सिलिंडरची सगळी बचत पुसली जाते. टाकी घेणाऱ्यांनी पैसे चुकते करण्याआधी ही बुडबुड्यांची परीक्षा समोर करून घ्यावी.

सुक्या कचऱ्यासाठी आम्हाला काही नवे घ्यावे लागले नाही. भंगारवाल्याला दिलेले लोखंड उद्यमबागेतल्यासारख्या फाउंड्रीत वितळवले जाते आणि खनिजापासून नवे लोखंड काढण्यापेक्षा त्याला बरीच कमी ऊर्जा लागते. अडचण इतकीच की तो प्लास्टिकच्या पातळ पिशव्या घेत नाही. त्या अजून घंटागाडीतच जातात.

टाकीतून निघणारी मळी कढीपत्त्याला मानवली, जास्वंदीला मात्र पातळ न करता घातल्यामुळे तिची पाने करपली. आता एका मळीला तीन पाणी घालतो.