गॅस गिझरच्या ‘सर्व्हिस सेंटर’ने उकळलेले ७,५४९ रुपये

घरी गॅस गिझर असेल आणि तो पेटेनासा झाला, तर आधी त्याचे सेल बदला. नवीन सेल घालूनही नाही पेटला तरच फोन हातात घ्या. आणि इंटरनेटवर शोधून सापडलेल्या नंबरवर तर मुळीच फोन करू नका. हे मी सांगतेय ते ७,५४९ रुपये घालवून. गिझर घेतला होता ५,८०० ला. म्हणजे त्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मी त्याच्या ‘दुरुस्ती’ला दिले, आणि बिघाड म्हणाल तर दोन सेल उतरले होते. बाजारात ती जोडी ७० रुपयांना मिळते.

पावती अजून माझ्याकडे आहे. व्हिजिट चार्ज ३५०. गॅस व्हॉल्व्ह २,४५०. कंट्रोल कार्ड, म्हणजे गिझर चालू-बंद करणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, १,८५०. डीस्केलिंग, म्हणजे आतले क्षार काढणं, ९००. झाले ५,५५०. वर वर्षभराचा मेंटेनन्स करार १,९९९.

मी डोळे झाकून वस्तू घेणारी बाई नाही, हे आधी सांगते, कारण ज्याला सांगावं तो पहिल्यांदा मलाच शहाणपण शिकवतो. गिझर घेताना आम्ही सगळं पाहिलं होतं. एलपीजीवर चालणाऱ्या या छोट्या गिझरसाठी आयएस १५५५८ हे मानक आहे. आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपवर टाकून तपासला होता. गिझर बाथरूममध्ये बसवायचा नाही हेही माहीत होतं, म्हणून ड्राय बाल्कनीत बसवला, जिथे हवा खेळती असते आणि धूर बाहेर जातो. मिनिटाला सहा लिटरचा, साधा, दोन सेलवर ठिणगी पडणारा. सुरुवातीपासून एकदाही कुरकुर नव्हती.

मग ऐन थंडीत एका सकाळी असं सुरू झालं की नळ सोडला की टकटक व्हायची, ज्योत पेटायची आणि लगेच विझायची. सासूबाईंना संधिवात. गार पाण्याने त्यांची बोटं आखडतात. मी आधी वॉरंटी कार्डावरचा, म्हणजे खरा नंबरच लावला होता, हे कृपया लक्षात घ्या. बराच वेळ संगीत वाजलं आणि फोन कट झाला. परत लावला, परत तेच. त्यानंतर मी कंपनीचं नाव आणि ‘सर्व्हिस सेंटर’ असं टाकून शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. पहिल्या रिंगला उचलला.

‘कुठल्या कंपनीचा गिझर आहे मॅडम?’

हा प्रश्न एका बाईने विचारला. कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणून मी फोन केला होता. स्वतःच्या सर्व्हिस सेंटरला हे विचारायची गरज काय? मी नाव सांगितलं आणि ती म्हणाली, ‘हो मॅडम, आम्ही ऑथोराइज्ड आहोत.’ मी काहीही सांगितलं असतं तरी ती हेच म्हणाली असती. तुम्हाला असा प्रश्न आला तर तिथेच फोन ठेवा.

तासाभरात माणूस दारात. शर्टावर कंपनीचं चिन्ह, गळ्यात ओळखपत्र. सासूबाईंना ‘आजी, नमस्कार’ केलं. आता यात संशय कोणाला येईल?

पुढचं मी नीट लिहिते, कारण फसवणूक नेमकी इथे झाली. त्याने गिझरच्या खालची सेलची डबी उघडली, जुने सेल काढले आणि बॅगेतून दोन नवीन सेल काढून घातले. म्हणाला, ‘हे आमचे टेस्टिंगचे.’ मग मला म्हणाला, ‘मॅडम, आत जाऊन गरम पाण्याचा नळ सोडा.’ मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला. धार नेहमीसारखी जाड आली. दोन क्षणांत ती बारीक झाली, मग दोऱ्याएवढी. बाल्कनीतून आवाज आला, ‘बघा, पेटत नाहीये.’ मी आतून ओरडून सांगितलं की पाणीच कमी झालंय. तो म्हणाला, ‘व्हॉल्व्ह जाम आहे ना, त्यामुळे.’ मी बाहेर आले तेव्हा त्याचा डावा हात गिझरच्या खाली होता, पाणी आत जाणाऱ्या पाइपच्या अँगल कॉकवर. मी तो हात पाहिला. बोटं कॉकच्या मुठीवर होती.

रात्री झोपताना मला अजून तो हात दिसतो. व्हॉल्व्ह गॅसचा, आणि धार कमी झाली पाण्याची. गॅसचा व्हॉल्व्ह जाम झाला तर पाणी गार येईल, कमी कशाला येईल? एवढी साधी गोष्ट. मी म्हणायला हवं होतं, ‘दादा, कॉक पूर्ण उघडा आणि मग दाखवा.’ एवढं एक वाक्य, आणि त्याला बॅग उचलून चालतं व्हावं लागलं असतं.

हा गिझर चालतो कसा ते नंतर खऱ्या मेकॅनिकने मला दाखवलं. पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, तो एक पिन ढकलतो, पिनने मायक्रोस्विच दाबला जातो. तेव्हा कुठे सेलचा करंट पुढे जातो, ठिणगी पडते आणि गॅसचा सोलेनॉइड, म्हणजे करंटवर उघडणारा, व्हॉल्व्ह उघडतो. पाण्याला दाब नसेल तर गिझर पेटतच नाही. पेटूच नये, कारण पाणी वाहत नसताना खाली जाळ लागला तर तांब्याची नळी जळेल. म्हणजे आपल्या जिवासाठी केलेली सोय वापरूनच त्याने मला ‘बिघाड’ दाखवला. आणि सेल अशक्त झाले की काय होतं? ठिणगी पडते, ज्योत लागते, पण व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवायला करंट पुरत नाही आणि ज्योत विझते. आमच्याकडे हेच होत होतं. नवीन सेल घातले त्या क्षणी गिझर दुरुस्त झाला होता. बाकी सगळं नाटक ५,५५० रुपयांसाठी.

हे मला आधी माहीत नव्हतं, आणि ते माहीत असायलाच हवं होतं असं मला कोणी सांगू नये. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत सेलबद्दल एक ओळ आहे, तीही इतक्या बारीक अक्षरात की भिंगाशिवाय वाचता येत नाही.

मग त्याने भीती घातली. ‘गॅसचं काम आहे मॅडम. घरात आजी आहेत. असंच वापरलं आणि लीक झालं तर जबाबदारी कोणाची?’ नवरा कामावर, सासूबाई समोर बसून ऐकतायत, आणि मी काय म्हणू, पैसे वाचवते? मी हो म्हटलं. माझ्या जागी कोणीही हेच केलं असतं. ‘कॉइलमध्ये क्षार साचलेत’ म्हणून बाटलीतलं काहीतरी ओतल्यासारखं केलं, त्याचे ९००. जुने भाग मागितले तर म्हणाला, कंपनीत जमा करावे लागतात. जुना भाग तुमचा असतो. पैसे तुम्ही दिलेत, तो तुमच्या हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. पावतीवर ना पत्ता, ना जीएसटी नंबर. यूपीआयवर नाव आलं ते कुणा व्यक्तीचं. विचारलं तर म्हणे, ‘आमच्या सरांचं खातं आहे.’ कंपनीच्या नावाने पैसे घेणारा व्यक्तीच्या खात्यात घेतो, तिथे बोट थांबवा.

गिझर छान चालला. नवीन सेल होते, चालणारच. पण पाणी पूर्वीपेक्षा कढत येऊ लागलं. आमच्या गिझरला वीस मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय होती, तीही थांबली. एकदा सासूबाईंच्या मनगटाला चटका बसला, चांगला लाल झाला. तेव्हा मी कंपनीच्या खऱ्या नंबरवर फोन लागेपर्यंत लावत राहिले आणि खरा मेकॅनिक घरी आणला.

त्याने कव्हर उघडलं आणि मला जवळ बोलावलं. ‘ताई, हा व्हॉल्व्ह कोणी काढलेलाच नाही.’ स्क्रूच्या खाचांत हिरवट गंज जसाच्या तसा होता, त्यावर पान्हा किंवा स्क्रूड्रायव्हर लागल्याची खूणही नव्हती. २,४५० रुपये त्या गंजाचे. कार्ड मात्र बदललेलं होतं. आमचं चांगलं कार्ड तो घेऊन गेला आणि हलकं, लोकल कार्ड बसवून गेला. त्या कार्डाला टायमर नव्हता आणि जास्त तापमानाला गिझर बंद करणाऱ्या सेन्सरची जागाही नव्हती. मग सेन्सरचं काय केलं? त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. मी ती टेप स्वतः सोडवून पाहिली. दोन इंचांची असेल.

पैशांचं एक वेळ सोडून देईन. पण त्या दोन इंच टेपसाठी मी त्याला माफ करणार नाही. घरात म्हातारं माणूस आहे हे त्याने पाहिलं, तिला नमस्कार केला, आणि तिच्या अंघोळीच्या पाण्यावरचं कुलूप काढून गेला.

मेकॅनिकने आणखी एक बजावलं, ते इथेच सांगते. ज्योत निळी असायला हवी. पिवळी दिसली, काजळी धरू लागली तर गिझर बंद करा, कारण अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. आपल्याला जो गॅसचा वास येतो तो एलपीजीत मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा. तेव्हा वास येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालू नका. बाल्कनी काचेने बंद करून घेतलेल्यांनी तर आजच खिडकी उघडा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून खालच्या बाजूलाही हवेला वाट हवी.

आता तक्रारीची कथा. कंपनी म्हणाली, बाहेरच्या माणसाने उघडला, वॉरंटी संपली. मी म्हटलं, तुमचं चिन्ह लावून लोक फिरतायत त्याचं काय? ‘आम्ही वेबसाइटवर सूचना टाकली आहे मॅडम.’ संपलं. बँक म्हणाली, पिन तुम्ही स्वतः टाकलात. गॅस एजन्सी म्हणाली, गिझर आमच्याकडून घेतलेला नाही.

पोलीस चौकीत साहेबांनी पावती पाहिली आणि म्हणाले, ‘काम केलंय, पावती दिलीय, मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.’ मी म्हटलं, न बदललेल्या भागाचे पैसे घेतले, दुसऱ्या कंपनीचं नाव लावून घरात शिरला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, तोतयेगिरी करून फसवण्याला ३१९ आहे. सेन्सर तोडून आमचा जीव धोक्यात घातला, त्याला १२५ आहे. ते म्हणाले, ‘नंबर इंटरनेटवर शोधला होता ना? मग हे सायबरचं काम.’ सायबरवाले म्हणाले, माणूस प्रत्यक्ष घरी आला होता, पैसे समोर उभं राहून दिले, मग हे सायबर कसलं? चौकीत जा. चौकीत परत गेले तर साहेब बंदोबस्तात. एका मदतवाहिनीवरच्या मुलीने समोरच्या पार्टीचा पूर्ण पत्ता मागितला. पत्ता शोधायचं काम मी करायचं, तर पोलिसांनी काय करायचं? त्याचा मोबाइल नंबर आहे, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आहे, त्यामागे बँक खातं आहे, खात्यामागे केवायसी आहे. मनात आणलं तर बसल्या जागी माणूस सापडेल. मनात आणायचं कोणी? प्रत्येक टेबलावर मला एकच प्रश्न विचारला गेला, ‘मॅडम, तुम्ही आधी खात्री का नाही केलीत?’ जणू चोरी मी केली. पांढऱ्या कॉलरच्या शर्टात, ओळखपत्र घालून, दिवसाढवळ्या घरात येणाऱ्या माणसाची खात्री करायची यंत्रणा सामान्य माणसाला द्या, मग विचारा.

तोंडी तक्रार करू नका. लेखी द्या, पोच म्हणून शिक्का घ्या. चौकीत घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. मी पाठवली आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि लगेच लक्षात आलं तर तासभरही न दवडता १९३० ला फोन करा. गॅस गळतीसाठी १९०६. ग्राहक म्हणून तक्रार १९१५ वर. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. माझी तक्रार त्यावर तयार होतेय आणि कंपनीलाही मी त्यात पक्षकार करणार आहे.

गिझरच्या कव्हरवर आता मी कंपनीचा खरा नंबर मार्करने लिहून ठेवलाय. शेजारच्या तिघींच्या गिझरवरही लिहून आले. त्यातल्या एकीकडे हुबेहूब अशीच पावती निघाली, तीच छपाई, तोच ३५० चा व्हिजिट चार्ज, तिचे ४,२०० गेलेले. तिने घरात कोणाला सांगितलंही नव्हतं. पत्ता आणि जीएसटी नंबर नसलेली अशी पावती तुमच्याकडे असेल तर फाडू नका. तिची झेरॉक्स, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि फोनमधल्या कॉलची तारीख एका अर्जाला जोडून आपापल्या चौकीत द्या. एकटीच्या अर्जाला ते दिवाणी बाब म्हणतात. एकाच यूपीआय खात्याविरुद्ध दहा अर्ज गेले तर तसं म्हणणं त्यांना जड जाईल.