टॉर्क रेंच, जेआयएस स्क्रू ड्रायव्हर आणि पॅडॉक स्टँड : घरच्या देखभालीतील वापरानंतरचा अनुभव

माझी मोटारसायकल १५० सीसीची, जपानी कंपनीची आणि डबल स्टँड नसलेली आहे. ऑईल बदलणे, चेन धुणे व ताणणे, ब्रेकचे पॅड बदलणे ही कामे मी गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच करतो. शंभर-सव्वाशे नगांची चकचकीत पेटी घेण्यापेक्षा आपल्या गाडीच्या बोल्टांना आणि स्क्रूंना नेमकी लागू पडणारी मोजकी हत्यारे घ्यावीत, हे माझे मत इतक्या महिन्यांच्या वापरानंतर पक्के झाले आहे.

त्यात पहिला मान टॉर्क रेंचचा, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळला की खटका देणाऱ्या पान्याचा. हा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. दुकानात सहज मिळणारा रेंच बहुधा अर्धा इंची चौकाचा (सॉकेट बसवायच्या चौकोनी टोकाचा) आणि २८ ते २१० न्यूटन-मीटरचा असतो. तो मोटारीच्या चाकांच्या नटांसाठी उत्तम आहे. पण मोटारसायकलच्या इंजिनावरचे ६ मिलिमीटरचे बोल्ट साधारण १० ते १२ न्यूटन-मीटरवरच आवळायचे असतात आणि माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ऑईलच्या ड्रेन बोल्टसाठी २० हा आकडा दिला आहे. म्हणजे ज्या बोल्टांचे आटे जाण्याची भीती सर्वांत जास्त, तेच या रेंचच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणून मी पाव इंची चौकाचा, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा रेंच निवडला आणि ती निवड योग्य ठरली. मागच्या ॲक्सलच्या नटासाठी मात्र मोठा रेंच लागतोच. तो मी शेजाऱ्यांकडून मागून आणतो.

अंदाजाने आवळण्यात काय बिघडते, हे मी माझ्याच गाडीवर पाहिले आहे. पूर्वी एका गॅरेजमध्ये ड्रेन बोल्ट लांब पान्याने इतका आवळला गेला होता की पुढच्या वेळी तो निघताना ॲल्युमिनियमच्या आट्यांचा बारीक चुरा सोबत घेऊनच आला आणि लेथवाल्याकडून नवे आटे बसवून घ्यावे लागले. बोल्ट पोलादाचा आणि केसिंग ॲल्युमिनियमचे असल्यामुळे जास्तीचा जोर नेहमी केसिंगलाच भोवतो. त्यातही आपण लावलेल्या जोराचा जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात खर्च होतो, बाकीचा घर्षणात जातो. त्यामुळे आट्यांना ऑईल किंवा ग्रीस लागलेले असेल, तर तोच आकडा गाठताना बोल्ट प्रत्यक्षात कितीतरी जास्त ताणला जातो. आटे कापडाने कोरडे पुसून घ्यावेत, ड्रेन बोल्टला दर वेळी नवा वॉशर घालावा आणि हळू, एकसारखा जोर देऊन खटका बसताच थांबावे. लहान रेंचचा खटका हाताला हलकाच जाणवतो. माझ्या रेंचची ही एकच उणीव मला खटकते, कारण रस्त्यावरच्या गोंगाटात तो चुकण्याची शक्यता असते. काम झाल्यावर रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, आणि बोल्ट सोडवण्यासाठी तो कधीही वापरू नये.

दुसरे हत्यार म्हणजे जेआयएस, अर्थात जपानी मानकाचा फुली स्क्रू ड्रायव्हर. नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर आणि हा वरवर सारखेच दिसतात, परंतु फिलिप्सचे टोक जपानी खाचेत तळापर्यंत बसत नाही आणि जोर लावला की वर सरकून खाच खाऊन टाकते. डोक्यावर बारीक ठिपका असलेला फुली स्क्रू दिसला की तो जपानी मानकाचा समजावा. ब्रेक ऑईलच्या टाकीच्या झाकणाचे स्क्रू पावसाळ्यानंतर हमखास अडकतात. त्यांवर २ नंबरचा जेआयएस ड्रायव्हर ठेवून हातोडीने दोन हलके ठोके दिले आणि मग दाबून फिरवला, की ते खाच न बिघडता सुटतात. पूर्वी हेच स्क्रू ड्रिलने काढावे लागल्याचे मी ऐकले होते. इतक्या कमी किमतीत इतका त्रास वाचवणारे दुसरे हत्यार माझ्याकडे नाही. हे काम करताना टाकीभोवती ओले फडके गुंडाळावे, कारण डॉट ४ ब्रेक ऑईलचा थेंबही रंग उठवतो.

पॅडॉक स्टँडबद्दल, म्हणजे गाडीचे मागचे चाक उचलून धरणाऱ्या स्टँडबद्दल, माझे समाधान निम्मेच आहे. मागचे चाक अधांतरी झाले की चेन साफ करणे फारच सोपे होते, यात शंका नाही. परंतु स्विंग आर्मखाली, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याखाली, टेकणाऱ्या रबरी टेकूंपेक्षा स्विंग आर्मवर बसवायच्या बॉबिनना (खाच असलेल्या छोट्या गोल तुकड्यांना) धरणारा स्टँड अधिक भरवशाचा असतो. माझ्या स्टँडचे टेकू गुळगुळीत फरशीवर गाडी उचलताना सरकतात, त्यामुळे आता मी खाली रबरी चटई घालतो आणि शक्यतो कोणाला तरी हँडल धरायला सांगतो. चाक अधांतरी असताना इंजिन चालू करून, गिअर टाकून चेन पुसणारे लोक मी पाहिले आहेत. तसे कृपया कोणीही करू नये, फडक्यासह बोट स्प्रॉकेटमध्ये ओढले जायला क्षणही लागत नाही. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये आणि चाक हाताने फिरवायचे. चेनचा ढिलेपणा मात्र पुस्तिकेत ज्या स्थितीत मोजायला सांगितला आहे त्याच स्थितीत मोजावा, कारण स्टँडवर आणि जमिनीवर तो सारखा येत नाही.

टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळची, फट मोजण्याचा पातळ पट्ट्यांचा फीलर गेजही मी घेऊन ठेवला आहे, पण ते काम इंजिन पूर्ण थंड असताना करायचे असते आणि रोज गाडीने ऑफिसला जाणाऱ्याला त्यासाठी सुट्टीची सकाळच राखावी लागते. तोवर टॅपेटचे काम आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडेच राहील.