उंदराचं व्हीईजीएफ मोजायचं तर: क्वांटिकाइन माउस एलायझा किट

व्हीईजीएफ म्हणजे नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन. ते अँटिबॉडी आणि रंगाच्या मदतीने (एलायझा पद्धतीने) मोजणारं आर अँड डी सिस्टिम्सचं हे किट घ्यावं का, याला आमचं उत्तर 'हो' आहे. पण किट चांगलं असूनही आकडे फसतात, आणि बहुतेक वेळा ते रक्त काढतानाच फसलेले असतात.

प्लेट ९६ वेलची (छोट्या खळग्यांची), अँटिबॉडी आधीच लावलेली. पल्ला ७.८ ते ५०० पिकोग्रॅम प्रति मिलि, वेळ साडेचार तास. वेलमध्ये ५० मायक्रोलिटर डायल्युअंट (पातळ करणारं द्रावण) आणि ५० मायक्रोलिटर नमुना, २ तास. ५ वेळा धुवा. १०० मायक्रोलिटर कॉन्ज्युगेट (एचआरपी हे एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी), पुन्हा २ तास. पुन्हा ५ वेळा धुवा. मग सबस्ट्रेट (एचआरपीमुळे रंग येणारं द्रावण), ३० मिनिटं अंधारात. रंग येणं थांबवणारं स्टॉप द्रावण घातल्यावर ४५० नॅनोमीटरचं रीडिंग घ्या आणि त्यातून ५४० किंवा ५७० चं वजा करा. नाहीतर प्लेटच्या तळावरचे ओरखडे आणि बोटांचे ठसेही आकड्यात मिसळतात.

नमुना इतका कमी लागतो, हीच उंदराच्या कामात मोठी सोय. ३० मायक्रोलिटर सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) ५ पट पातळ केलं की दोन वेल आरामात भरतात. मात्र त्यामुळे मोजण्याची खालची मर्यादा प्रत्यक्षात ३९ पिकोग्रॅमवर जाते. शून्य धरून ८ स्टँडर्ड (व्हीईजीएफचं प्रमाण माहीत असलेली द्रावणं) आणि १ कंट्रोल (तपासणीचा नमुना) दोन-दोन वेलमध्ये लावले की ७८ वेल उरतात, म्हणजे ३९ नमुने. ४० उंदरांचा प्रयोग एका प्लेटमध्ये बसत नाही!

आता खरी गोम. प्लेटलेटमध्ये व्हीईजीएफ साठवलेलं असतं आणि रक्त गोठताना ते बाहेर पडतं. सीरममध्ये दिसणारा आकडा म्हणूनच रक्तात फिरणाऱ्या व्हीईजीएफचा नसतो. गोठण्याचा वेळ बदलला की तोही बदलतो. फिरतं व्हीईजीएफ हवं असेल तर ईडीटीए प्लाझ्मा (ईडीटीए घालून गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव) घ्या: ३० मिनिटांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १००० पट) वर १५ मिनिटं, मग वरचा भाग थंड्या सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी वर १० मिनिटं. ही दुसरी फेरी टाळली तर उरलेल्या प्लेटलेट फ्रीझरमधून काढताना फुटतात आणि सगळी मेहनत वाया जाते. सीरम आणि प्लाझ्मा एकाच आलेखात कधीच नको.

ऊतींचा आकडा प्रति मिलि नको, एकूण प्रथिनाच्या प्रति मिलिग्रॅम द्या. किट व्हीईजीएफचे १२० आणि १६४ (अमिनो आम्लांची संख्या) हे प्रकार ओळखतं; १८८ पेशींबाहेरच्या जाळीला चिकटून राहतो, त्यामुळे तो सौम्य बफरमध्ये नीट उतरत नाही. बफरमध्ये सोडियम अझाइड अजिबात नको, ते एचआरपीला मारतं आणि रंग फिका पडतो.

माणसाची गाठ उंदरात वाढवली असेल तर गाठीच्या पेशींचं व्हीईजीएफ मोजायला मानवी किट वेगळं लागतं. हे किट यजमानाच्या, म्हणजे उंदराच्या, व्हीईजीएफसाठी आहे. अफ्लिबरसेप्ट (व्हीईजीएफला बांधून अडवणारं औषध) दिलेल्या उंदरांत आणखी जपा: ते उंदराच्या व्हीईजीएफलाही बांधतं, आणि बांधलेलं किटच्या अँटिबॉडीला दिसेलच असं नाही. अशा नमुन्यात २०० पिकोग्रॅम प्रति मिलि इतकं स्टँडर्ड मिसळून पाहा; ८० ते १२० टक्के परत मिळालं नाही, तर त्या गटाचे आकडे छापू नका.