सांदण दरी: अर्ध्यातून परत की थेट खाली?

भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावाहून सांदण या अरुंद दरीत उतरायचं तर दोन मार्ग. एक, घळीत जमेल तितकं आत जाऊन त्याच वाटेनं परत. दुसरा, दोर लावत रॅपलिंग करत खाली कोकणात डेहणे गावाकडे, आणि मग करोली घाटानं पुन्हा वर.

घरची मंडळी, मुलं बरोबर असतील तर पहिलाच. सुरुवातीलाच पाणी लागतं. थंडीच्या सुरुवातीला दुसऱ्या डोहात ते छातीपर्यंतही येतं, म्हणून सॅक डोक्यावर. पुढे दोन्ही कातळभिंती इतक्या जवळ येतात की भर दुपारीही ऊन तळाशी पोचत नाही. सांदणचं खरं रूप हेच, आणि ते दोराशिवाय बघायला मिळतं!

खाली उतरणं म्हणजे वेगळाच मामला. एकदा दोर काढून घेतला की मागे फिरणं जवळपास अशक्य. अनुभवी गट आणि हेल्मेट नसेल तर नकोच. मात्र खालून आजोबा डोंगराचा कडा बघणं, आहाहा!

माझं मत, आधी पहिला मार्ग करा. पावसाळ्यात मात्र दोन्ही नकोत. सगळं पाणी त्या चिंचोळ्या घळीतूनच धावतं.