स्विंगचा अभ्यास: फोन समोर लावायचा की मागे?

व्यावसायिक गोल्फरचा स्विंग आणि आपला स्विंग शेजारी-शेजारी लावून बघायचा, तर पहिला प्रश्न येतो फोन कुठे उभा करायचा हा. खेळाडूच्या छातीसमोर, की मागे, लक्ष्याच्या रेषेत? खरं तर दोन्ही चित्रणं हवीत. पण साताऱ्या-सांगलीकडे सराव बहुधा घरच्या आवारातल्या नेटवर किंवा मोकळ्या रानात चालतो, फोन एक आणि ट्रायपॉडही एकच. त्यामुळे सुरुवात कुठल्या तरी एका बाजूने करावी लागते.

मागून घेतलेल्या चित्रणाची जागा दुसरं कशानेही भरून निघत नाही, हे आधी मान्य करतो. क्लब (गोल्फची काठी) कुठल्या प्रतलात वर जातो, खाली येताना बाहेरून येतो की आतून, म्हणजे अंगाच्या बाजूने, डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली येताना) कंबर चेंडूकडे ढकलली जाते का, हे फक्त तिथूनच दिसतं. शिवाय अरुंद बोळातही ते जमतं.

अडतं ते फोनच्या जागेवर. लेन्स हातांच्या रेषेत आणि हातांच्याच उंचीला हवी. समजा फोन हातांपासून साडेतीन मीटरवर आहे. टेकअवेमध्ये, म्हणजे क्लब मागे न्यायला सुरुवात करताना, शाफ्ट (क्लबचा दांडा) जमिनीला समांतर आला की क्लबहेड (क्लबचं टोक, ज्याने चेंडू मारतात) हातांपेक्षा सव्वा मीटरभर, निदान एक मीटर तरी, फोनच्या जवळ येतं. आता फोन वीतभर चेंडूच्या बाजूला सरकला, तर तेच क्लबहेड चित्रात दहाएक सेंटीमीटर आत गेल्यासारखं दिसतं. टाचांच्या बाजूला सरकला, तर बाहेर. स्विंग बदललेलाच नसतो, पण माणूस आठवडाभर टेकअवे दुरुस्त करत बसतो. उपाय आहे: हातांच्या बरोबर खाली, लक्ष्याच्या रेषेला समांतर अशी अलाइनमेंट स्टिक (दिशा जुळवायची सरळ काठी) ठेवायची आणि तिच्या सरळ रेषेत लेन्स आणायची. हे दर वेळी, न चुकता. आपल्या फोनचं असं जमवता येतं, पण टीव्हीवरच्या चित्रणात कॅमेरा कुठे होता हे कोण सांगणार? मग तुलना कशाची कशाशी करायची?

अमेरिकन व्यावसायिक गोल्फर जिम फ्युरिकचा स्विंग मागून पाहा. क्लब जवळजवळ उभा वर जातो आणि वळसा घेऊन खाली येतो. याच स्विंगवर तो 2003 ची यूएस ओपन जिंकला आणि 2016 मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धामालिका) अवघ्या 58 फटक्यांत फेरी खेळला. त्याचा आयर्नचा (लोखंडी पात्याच्या क्लबचा) फटका समोरून पाहिला तर इम्पॅक्टला, म्हणजे क्लब चेंडूला भिडताना, हात क्लबहेडच्या पुढे आणि डोकं चेंडूच्या किंचित मागे, म्हणजे इतर मोठ्या खेळाडूंसारखंच.

म्हणून माझा कल समोरून घेण्याकडे आहे. फोन सरकल्याची चूक तिथेही होते, पण चेंडू हातांपेक्षा साठेक सेंटीमीटरच पुढे असल्याने ती साधारण निम्म्यावर येते. वजन कधी सरकतं, डोकं किती हलतं, मनगटं केव्हा सुटतात हे नीट दिसतं. सगळ्यात उपयोगी पडतो तो टेम्पो, म्हणजे स्विंगची लय. सेकंदाला 240 फ्रेमच्या चित्रणात क्लब हलल्यापासून टॉपपर्यंत (क्लब वर पोचून वळतो तिथपर्यंत) आणि टॉपपासून चेंडूपर्यंतच्या फ्रेम मोजा. टूरवरच्या खेळाडूंचं प्रमाण तीनास एकच्या आसपास असतं, उदाहरणार्थ 216 ला 72. टीव्हीवरचं चित्रण किती संथ केलंय हे माहीत नसलं तरी चालतं. वेग मध्येच बदललेला नसला की प्रमाण तेच निघतं. मागूनही मोजता येतं, पण क्लब चेंडूला भिडण्याची फ्रेम समोरून पटकन सापडते.

ती फ्रेम हुकली तरी घाबरू नका. टूरवरच्या खेळाडूच्या ड्रायव्हरचं (सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबचं) क्लबहेड सेकंदाला पन्नासेक मीटर जातं, म्हणजे दोन फ्रेममध्ये वीसेक सेंटीमीटर. आधीची फ्रेम धरायची.

फोनच्या कॅमेऱ्याचं शटर 1/2000 सेकंदावर ठेवा. साताऱ्यात जुलै-ऑगस्टच्या ढगाळ उजेडात ते जमत नाही, चित्र काळवंडतं. 1/1000 वर आणलं की क्लबहेड फरकटतं. शाफ्ट वाकडा दिसला तर तो फोनचा दोष समजा, सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो म्हणून तसं होतं.

चेंडू सतत क्लबच्या होझेलला (शाफ्ट क्लबहेडमध्ये बसतो त्या भागाला) लागून उजवीकडे उडत असेल, तर मात्र पहिल्या दिवसापासून फोन मागे लावा. स्टिक ठेवूनच.