लेटरबॉक्सिंग की जिओकॅशिंग? मुलांना घेऊन बागेत जाताना

सहा आणि दहा वर्षांच्या मुलांसाठी यातलं काय निवडू, असं एका मैत्रिणीने विचारलं. दोन्हींत लपवलेला डबाच शोधायचा. फरक आहे तो शोधण्याच्या रीतीत.

लेटरबॉक्सिंग जुनं, 1854 मध्ये इंग्लंडच्या डार्टमूरमध्ये सुरू झालेलं. यात शब्दांतली खूण मिळते: ‘कारंज्याकडे पाठ करा, वीस पावलं चाला, दोन खोडांच्या झाडाच्या मुळाशी बघा.’ पावलं मोठ्यांची की लहानांची, यावर भांडण ठरलेलंच! डब्यात रबरी शिक्का आणि वही असते. तो शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला डब्यातल्या वहीत. जिओकॅशिंग 2000 सालचं. जीपीएसवर अक्षांश-रेखांश बघत जायचं आणि डब्यातल्या कागदावर नाव लिहायचं.

खर्च दोन्हींत किरकोळ. शिक्का खोडरबर कोरूनही होतो. जिओकॅशिंगला फोन पुरतो, मात्र काही डबे पैसे भरलेल्या सदस्यांनाच दिसतात.

भरवशात जिओकॅशिंग उजवं. आधीच्या शोधणाऱ्यांच्या नोंदींवरून डबा जागेवर आहे का, याचा अंदाज येतो. लेटरबॉक्सची खूण शिळी होते: बाक हलतो, झाड तोडलं जातं. अर्थात, दाट झाडीत जीपीएसही काही मीटर चुकतंच.

मुलांचा सहभाग बघाल तर लेटरबॉक्सिंगच. फोन एकाच्याच हातात राहतो आणि बाकीचे मागून फरफटतात. खुणेत एक वाचतो, दुसरा पावलं मोजतो.

तेव्हा लहान मुलं आणि मोकळी दुपार असेल तर लेटरबॉक्सिंग. वेळ तासाभराचाच असेल, किंवा नव्या गावात पटकन काही शोधायचं असेल, तर जिओकॅशिंग.