बुरशी: ब्लीच मारायचं की ओल थांबवायची?

भिंतीवर काळे ठिपके दिसले की हात आधी ब्लीचकडे जातो. टाइलवर, काचेवर ते चालतं, प्लास्टरवर नाही. तिथे वरचा डाग फिकट होतो, पण ब्लीचमधलं पाणी आत मुरतं आणि बुरशी पुन्हा डोकं वर काढते. शिवाय मेलेल्या बुरशीचे कणही अ‍ॅलर्जी उठवतात, आणि ब्लीचच्या वाफेने दमेकऱ्याचा त्रास वाढतो.

ओल थांबवणं वेळखाऊ आहे: गळका पाइप शोधा, भिजलेलं २४ ते ४८ तासांत वाळवा, घरातली आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही ओल रोखण्यावरच भर आहे. घरात सतत खोकणारं मूल असेल तर मी पहिल्या दिवसापासून हाच मार्ग धरेन.